मावशीने न गाता केलेला कार्यक्रम

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या मावशीचे. आमच्या घरात पहिला पदवीधर मी. पदवीवर नाव माझं असलं तरी तिच्यात अर्धा वाटा मावशीचा आहे, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. भोकरदनच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. पोरं विचारतात, "सर, कोणती मावशी? त्या गाणाऱ्या?" मी म्हणतो, हो, त्याच. मग त्या तासाला पुढचा धडा होत नाही.

मावशी आईची थोरली बहीण. बुद्धाची, भीमाची गाणी गाते. परतूर, जालना, परभणी, नांदेड या पट्ट्यात तिचा आवाज ओळखत नाही असं बौद्ध घर सापडणार नाही, आणि बाकीची घरंही थोडीच सापडतील. माझं गाव वाटूरजवळ. आई-वडील दोघं मजुरीला जायचे. बारावी झाल्यावर मावशी एका सकाळी आली, आईला म्हणाली, "पोराला घेऊन चालले," आणि मला परतूरला घेऊन गेली. बी.ए. होईपर्यंत मी तिच्याच घरी राहिलो.

घर दोन खोल्यांचं, आणि त्यात ती गाणारी. माझी परीक्षा जवळ आली की ती मागच्या अंगणात जायची, रिकाम्या रांजणात तोंड घालायची आणि आत रियाज करायची, आवाज माझ्यापर्यंत येऊ नये म्हणून. शेजारची नवी सून पहिल्यांदा हे बघून घाबरून आत पळाली होती. मी खिडकीतून बघायचो. रांजणाबाहेर फक्त तिची पाठ आणि लुगड्याचा काठ हलताना दिसायचा. इतिहासाच्या पेपराला मी काय पाठ केलं ते आता आठवत नाही, तो रांजण आठवतो.

तर अशा या मावशीने उतारवयात, गळा खणखणीत असताना, एक दिवस न गाण्याचं ठरवलं. त्याची ही गोष्ट.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी परतूरला गेलो होतो. मावशी आणि तिचे ढोलकीवाले मामा ओसरीवर बसले होते. हे मामा आमच्या नात्यातले नाहीत. मावशीला त्यांनी बहीण मानलेलं, म्हणून आम्हा सगळ्यांचे ते मामा. तिच्या पहिल्या कार्यक्रमापासून ढोलकी त्यांचीच. मी मोबाईलवर कसलं तरी बघत होतो, तेवढ्यात परदेशातल्या एका मोठ्या वाद्यवृंदाचा व्हिडिओ समोर आला. शंभरेक माणसं वाजवत होती आणि त्यांच्यासमोर काळे कपडे घातलेली एक बाई बारीकशी काठी धरून हात हलवत उभी होती. मावशी माझ्या खांद्यावरून डोकावली.

"ही बाई काय करून राह्यली?"

"संचालन करते. सगळ्यांना सांभाळून घेते."

"गात न्हाई?"

"नाही."

"वाजवत न्हाई?"

"नाही."

"अन् लोकांकडं पाठ करून उभी?"

"हो."

"अन् टाळ्या हिला?"

"हिलाच."

मावशीने मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मग पहिल्यापासून परत बघितला. चहा गार झाला. मोबाईल परत देताना ती म्हणाली, "मला हे करायचंय."

मामा हसले. "तुम्हाला? का बरं? गळा बसला का?"

"गळ्याला काय धाड भरली. गळा बराबर आहे."

"मंग?"

"मंग काय. इतकी वर्षं गाते. मी पुढं, तुम्ही सगळे मागं. तुझी ढोलकी मला पाठीत ऐकू येती. पण वाजवताना तुझं तोंड कसं होतं, ते मी एकदाबी बघितलं न्हाई."

"नकाच बघू. आमची बायको म्हणती, पोट गच्च धरल्यावानी होतं."

मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. पण ठसका थांबला तरी मनातला विचार काही थांबला नाही. संध्याकाळपर्यंत मामांच्या लक्षात आलं की हे थट्टेवारी नेण्यासारखं नाही, आणि मग ते चिडले.

"बाई, लोक तुमचा गळा ऐकायला येतात. पाठ बघायला न्हाई. उठून जातील."

"जाऊ दे. एक कार्यक्रम करून बघते. तोंड उघडणार न्हाई, एक ओळ म्हणणार न्हाई. लोक बसले तर पुढं करीन. उठून गेले तर काठी चुलीत घालीन, अन् मरेपर्यंत गात राहीन. झालं?"

"झालं," मामा म्हणाले. "चुलीला काठी लागतीच."

जालन्यात पोलीस बँडमधून निवृत्त झालेले एक क्लॅरिनेटवाले काका राहतात. स्वरलिपी वाचणारा, लिहिणारा आमच्या ओळखीतला तो एकच माणूस. मी मावशीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. मला वाटलं, ते समजूत घालतील. काकांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, आत गेले आणि कागदांचा एक गठ्ठा घेऊन आले. त्यांनी स्वतः रचलेली एक रचना होती. तीन भागांची: पहाट, बाजार आणि वंदना. लिहून किती वर्षं झाली होती कोण जाणे, कागद कडेने पिवळे पडले होते.

"हे वाजवायला माणसं मिळाली न्हाईत," काका म्हणाले. "अन् माणसं असती तरी त्यांना उभं करायला कोणी न्हवतं."

"मी करते उभं," मावशी म्हणाली. "वाचता येत न्हाई, पण पाठ करते."

आणि तिने खरंच केली. काकांनी क्लॅरिनेटवर एकेक वाद्याची ओळ वाजवायची आणि तिने ती ऐकून डोक्यात ठेवायची. चौथी शिकलेल्या माझ्या मावशीने तीसेक वादकांच्या ओळी अशा पाठ केल्या. कोणत्या जागी कोणाला बोलवायचं, कोणाला गप्प करायचं, हे सगळं. मी एम.ए. होऊन तिच्या शेजारी बसायचो आणि माझं काम म्हणजे चहा सांगणं.

काठीचा प्रश्न तिने स्वतःच सोडवला. काकांनी पुण्याहून मागवू म्हटलं, तर तिने शेतातून वाळलेली पऱ्हाटी आणली, कपाशीची काडी, आणि विळ्याने सोलून गुळगुळीत केली. हलकी होती, पण मोडायची लवकर. म्हणून तिने जुडीच बांधून ठेवली. स्वयंपाकघरात, ओसरीवर, एसटी स्टँडवर, जिथे असेल तिथे तिचा हात सुरू. खाली, आत, बाहेर, वर. भाजीवाल्याला वाटलं बाई भाव कमी करायला सांगून राह्यली, त्याने दोन रुपये उतरवले.

वादक जमवणं याहून अवघड होतं. व्हायोलिन वाजवणाऱ्या चार मुली जालन्यातल्या एका चर्चमधून मिळाल्या. बासरी, हार्मोनियम, बँजो मावशीच्याच संचातले. पितळी वाद्यं पाहिजे होती, ती फक्त परतूरच्या लग्नाच्या बँडकडे. बँडमास्तर म्हणाले, "बाई, तुमच्यासाठी जान हाजिर. पर तारखा न्हाईत." हिंदूंची लग्नं तिथीवर, आपली लग्नं रविवारी, मुसलमानांची जुळेल तेव्हा. बँडला मोकळा दिवसच नव्हता. शेवटी काकांनी पंचांग काढलं. पितृपंधरवड्यात हिंदूंची लग्नं नसतात, आणि दिवाळीपर्यंत मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, कापूस येत नाही म्हणून तिथली मोठी शेडही रिकामी. कार्यक्रम तेव्हाच ठरला. गावातले एकजण म्हणाले, "पितरात कसला कार्यक्रम?" मावशी म्हणाली, "आमच्यात पितर न्हाईत. तुमचे आले तर त्यांनाबी बसायला सतरंजी टाकू."

तालमींत पहिल्या दिवशीच घोळ झाला. मावशीने हात वर केला, खाली आणला, बासरी सुरू झाली, आणि तिच्या नकळत तिचं तोंड उघडलं. ती बासरीबरोबर गायला लागली. लगेच सगळे तिच्या आवाजामागे धावले. हाताकडे कोणी बघेना.

काका म्हणाले, "बाई, तुमचा आवाज आला की हे सगळे आंधळे होतात."

त्या दिवसापासून ती दातात लवंग धरून उभी राहायला लागली. लवंग पडली की तोंड उघडलं, तोंड उघडलं की हरली. पहिल्या आठवड्यात शेडच्या फरशीवर इतक्या लवंगा पडल्या की झाडणारी बाई त्या डबीत भरून घरी न्यायची. पुढे पुढे एकही पडेनाशी झाली. मामा हे सगळं तोंड वाकडं करून बघत होते, पण ढोलकी मात्र बराबर वाजवत होते. एकदा मावशी लवंग काढून त्यांना म्हणाली, "तुझी बायको खरं बोलती रे." शेडभर हशा झाला. मामाही हसले, पण लगेच म्हणाले, "पैज पैज आहे."

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. संध्याकाळी सहाची वेळ दिली होती आणि साडेपाचलाच शेड भरली. वाटूरहून, आष्टीहून, कुठून कुठून टेम्पो भरभरून लोक आले होते. बायका जास्त. निवेदक मी होतो. पांढरा शर्ट, त्याला मावशीनेच केलेली इस्त्री. मी माईकसमोर उभा राहिलो आणि जे सांगायचं ते सांगितलं. आज मावशी गाणार नाहीत. आज त्या संचालन करणार आहेत. त्यांची पाठ आपल्याकडे राहील, त्याबद्दल त्यांनी आधीच माफी मागितली आहे.

मधल्या रांगेतून एक टेम्पोवाला ओरडला, "मंग आम्ही आलो कशाला?"

"ओ सर, गळा बसला का बाईंचा?"

"हळद घालून दूध द्या!"

"पाठ तर आमच्या घरीबी दाखवतात!" हे कोणीतरी बायकोशेजारी बसून म्हणालं असावं, कारण लगेच फटका बसल्याचा आवाज आला.

मावशी पुढे आली. निळ्या काठाचं पांढरं लुगडं, हातात पऱ्हाटी. तिने सगळ्यांना हात जोडून जयभीम केला. शेडने जयभीम परत केला तो इतका मोठा की पत्रे वाजले. मग ती वळली. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा लोकांकडे पाठ केली. मी पायऱ्यांशी उभा होतो, तिथून मला तिचा चेहरा बाजूने दिसत होता. लवंग दातात घट्ट होती. तिने हात वर केला.

पहाट चांगली झाली. व्हायोलिनच्या मुली हळूच सुरू झाल्या, बासरी उठली, मग काकांचं क्लॅरिनेट. मावशीचा हात असा फिरत होता, जणू ती पाण्यावरचं काही बाजूला सारते आहे. बाजार तर फारच रंगला. बँडवाल्यांनी आपली पितळी वाद्यं मोकळी सोडली, मामांच्या ढोलकीने धमाल केली, मावशीचा पदर खांद्यावरून सुटला तरी तिला भान नव्हतं. मी पायऱ्यांशी उभा राहून पायाने ताल धरला होता, हे मला नंतर लोकांनी सांगितलं.

मग वंदना. हा भाग संथ आहे आणि त्याच्या शेवटी काकांनी एक मोठी शांतता लिहिली आहे. सगळी वाद्यं एकदम थांबतात. संचालकाचा डावा हात वर राहतो. कोणी हलायचं नाही. मग तो हात खाली येतो आणि सगळे मिळून शेवटचा एकच सूर धरतात. तालमीत ही जागा आम्हाला सगळ्यात जास्त आवडायची.

इथे आमच्या गाण्याच्या कार्यक्रमांची एक रीत सांगावी लागेल. गाणं आवडलं की माणूस उठून स्टेजवर जातो आणि गाणाऱ्याच्या हातात दहा-वीसची नोट देतो. गाणारा कडवं संपवून थांबतो आणि माईकवर देणाऱ्याचं नाव, गाव सांगतो. नोट छोटी असली तरी नाव मोठ्याने घ्यायचं. मावशीला ही रीत इतकी अंगवळणी पडलेली की झोपेतही तिने नोट घेऊन नाव विचारलं असतं. त्यासाठीच मला पायऱ्यांशी उभं केलं होतं. आज कोणाला वर जाऊ द्यायचं नाही, नोट खालीच घ्यायची. मी चार-पाच जणांना प्रेमाने अडवलंही होतं. पण स्टेजच्या मागून, वादक यायच्या वाटेने कोणी येईल हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

शांतता आली. सगळी वाद्यं थांबली. मावशीचा डावा हात वर. आणि व्हायोलिनच्या मुलींच्या मधून एक म्हातारी चालत आली. डोक्यावर पदर, हातात दहाची नोट. वाद्यं थांबली म्हणजे आता नोट द्यायची, हे तिच्या दृष्टीने अगदी बराबर होतं. मावशीचा हात उंच होता, तिला पुरेना. मग तिने मावशीचं मनगट धरून हात खाली ओढला आणि नोट मुठीत कोंबली.

हात खाली आला म्हणजे शेवटचा सूर. व्हायोलिन, बासरी, हार्मोनियम आणि काकांनी तो सूर इमानाने धरला. पण बँडवाल्यांचं वेगळंच झालं. लग्नाच्या वरातीत नवरदेवावरून कोणी नोट ओवाळली की बँडने थांबायचं नसतं. जे जोरातलं असेल ते पहिल्यापासून वाजवायचं. तीच त्यांची रोजची शिस्त. नोट हवेत दिसली आणि सगळ्या बँडने एका दमात बाजार सुरू केला. मामांनी बँड ऐकला आणि ढोलकीवर थाप टाकली. इकडे वंदनेचा शेवट, तिकडे बाजाराची सुरुवात. बँजोवाला दोन्हीकडे बघून मधलंच काहीतरी वाजवायला लागला.

मी मावशीकडे बघितलं. मला ठाऊक होतं की तिने एक ओळ गायली असती तर सगळे एका क्षणात तिच्यामागे आले असते. शेडभर माणसं तेवढ्यासाठीच तर आली होती. मामा ढोलकी वाजवता वाजवता तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होते. मला वाटलं ते म्हणताहेत, गा, बाई, गा.

मावशीने लवंग चावली. चावली, पण तोंड उघडलं नाही. तिने पऱ्हाटी कमरेला खोचली, नोट उजव्या हातात घेतली आणि वर धरली. बँडवाल्यांच्या नजरा नोटेला चिकटल्या. तिने नोट डावीकडे नेली, सगळ्या माना डावीकडे. खाली आणली, बँड हळू झाला. काठीकडे जे कधीच इतक्या निष्ठेने बघत नव्हते, ते नोटेकडे असे बघत होते की पापणी लवत नव्हती. मग तिने डाव्या हाताने व्हायोलिनला बोलावलं, भुवईने बासरीला, आणि नुसती मान हलवून मामांना. बाजार परत एकदा पहिल्यापासून सुरू झाला, आता सगळ्यांचा मिळून, तालमीत कधी झाला नव्हता असा. दहाची नोट तीस माणसांना नाचवत होती. मला हसू आवरेना. काका क्लॅरिनेट तोंडात असताना हसत होते, त्यामुळे त्यांचा सूर मधेच कबुतरासारखा घुमत होता.

म्हातारी तिथेच उभी. मी वाकून वर गेलो, हळूच म्हणालो, "आजी, खाली चला."

"कशी येऊ? माझं नाव घेतलं न्हाई अजून."

"नंतर घेतो. शेवटी."

"मंग शेवटी येते."

आणि ती कमरेवर हात ठेवून व्हायोलिनवाल्या मुलीशेजारी उभी राहिली. बाजार संपला, वंदना परत सुरू झाली. सगळ्या वाद्यांचे आवाज एकेक करून कमी होत गेले आणि ती मोठी शांतता परत आली. मावशीने नोट वर धरली. या वेळी शेडमध्ये कोणी हललं नाही. आजीने तोंडावर बोट ठेवलं होतं. मग नोट खाली आली, अगदी हळू, आणि सगळ्यांनी मिळून शेवटचा सूर धरला. तो संपला तरी मावशी तशीच उभी होती. टाळ्या सुरू झाल्या तरी वळली नाही.

मी माईकवर आजीचं नाव घेतलं, गाव घेतलं, कोणाची कोण तेही सांगितलं. आजीने मान डोलावली आणि मगच पायऱ्या उतरली.

त्यानंतर गर्दी झाली. पोरी मावशीभोवती, बँडवाले हसतायत, मामा घाम पुसतायत. बँडमास्तर म्हणत होते, "बाई, पुढच्या टायमाला काठी नको, शंभरचीच धरा." या सगळ्या गलक्यात मावशीने मला हाताला धरून शेडच्या कोपऱ्यात नेलं. तिचा चेहरा उतरलेला होता.

"खरं सांग. लोक बसले का उठले?"

"मावशी, अगं टाळ्या..."

"टाळ्या म्हातारीलाबी पडल्या. मला सांग, मागं काय झालं? आयुष्यात पहिल्यांदा मला माणसं दिसली न्हाईत. मामा म्हणतो, बरीच उठली. त्याला दिसत होतं."

मी बोलायला लागलो, पण तिने थांबवलं.

"आता न्हाई. तू आता खुशीत आहेस, काहीबी सांगशील. फोनवरबी नको, फोनवर तू माझं मन राखतोस. भोकरदनला जा अन् लिहून पाठव. कागदावर तुला लबाडी जमत न्हाई. तुझ्या पत्रावर ठरवते. काठी ठेवायची का चुलीत घालायची."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघालो. जालन्याला गाडी बदलून भोकरदनला पोचलो, जेवलो आणि लिहायला बसलो. तेच पत्र इथे देतो. मावशीची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "दे. पण मामाचं आहे ते काढू नको."

प्रिय मावशी,

सप्रेम जयभीम. सुखरूप पोचलो. तू डब्यात दिलेली भाकरी सिल्लोडचा एक प्रवासी आणि मी मिळून खाल्ली.

तू खरं लिही म्हणालीस, म्हणून आधी वाईट लिहितो. पहाट सुरू झाली तेव्हा माणसं उठली. मामा खोटं बोलले नाहीत. मागच्या रांगांमधली पोरं गेली, उजव्या बाजूच्या काही बायका गेल्या, आणि ज्यांनी हळदीचं दूध सुचवलं ते गृहस्थ चप्पल हातात घेऊन गेले. "गाणं न्हाई तर काय बसायचं," असं मी माझ्या कानांनी ऐकलं. तुझी पाठ मला दिसत नव्हती, पण ज्यांना दिसत होती त्यांच्यातल्या कित्येकांना ती आवडली नाही, हे मी लपवत नाही.

आता पुढचं. पोरं दाराबाहेर भेळेच्या गाडीशी थांबली. बाजार सुरू झाला तसा ती भेळेच्या पुड्यांसकट आत आली आणि बसायला जागा गेलेली म्हणून भिंतीशी उभी राहिली. चप्पलवाले गृहस्थ परत आले नाहीत. बायकांपैकी दोघी-तिघी आल्या. "मंग आलो कशाला" म्हणणारा टेम्पोवाला तुला आठवत असेल. तो एकदाही उठला नाही. गोंधळ झाला तेव्हा सगळे हसले, तोही हसला. पण दुसऱ्यांदा शांतता आली तेव्हा त्याच्या शेजारच्या माणसाला खोकला आला, आणि त्याने आपल्या हाताने त्या माणसाचं तोंड दाबून धरलं. सूर संपेपर्यंत सोडलं नाही. त्या माणसाचे डोळे बाहेर यायची वेळ आली होती.

तिसऱ्या रांगेत एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती. दोन्ही वेळा बाळ शांततेतच जागं झालं. आवाज असेपर्यंत झोपलेलं होतं. ती त्याला थोपटत होती, आणि मला वाटतं, तुझ्या हाताच्या चालीनेच थोपटत होती. शाळेच्या गणवेशातल्या दोन पोरी खाली बसून आपापल्या हाताने तुझी नक्कल करत होत्या. चेष्टेने नाही. एक चुकली की दुसरी तिला चिमटा काढत होती.

शेवटी तू वळली नाहीस, त्या वेळची गोष्ट. कोणी "गाणं, गाणं" असं ओरडेल म्हणून मी माईक घट्ट धरून उभा होतो. कोणी ओरडलं नाही. बाहेर निघताना एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "बाई गाणार कधी?" मी म्हटलं, पुढच्या महिन्यात जालन्याला. ते म्हणाले, "त्याला तर येणारच. पण हे परत कधी?" मी म्हटलं, मावशीला विचारून सांगतो.

मामांबद्दल एक लिहितो. ते तुला उठलेली माणसं मोजून सांगतील. पण तू नोट वर धरलीस तेव्हा त्यांचा चेहरा मी बघितला. मला वाटलं होतं ते तुला गा म्हणताहेत. त्यांनी तुझ्याकडे बघत परत तसेच ओठ हलवले, तेव्हा कळलं. ते म्हणत होते, गाऊ नका.

म्हणजे अर्ध्याहून जास्त बसले, बाकीचे उठले, उठलेल्यांतले काही परतले. मी पेपर तपासत असतो तर पहिल्या वर्गात पास केलं असतं, विशेष प्रावीण्यात नाही. तू माझ्या बी.ए.ला यापेक्षा कमी मार्कांवर पेढे वाटले होतेस.

काठी चुलीत घालू नकोस, मावशी. आणि पुढच्या वेळी निवेदनाला दुसरा माणूस बघ. मला सतरंजीवर बसायचंय, लोकांमध्ये. तुझी पाठ सगळ्या शेडने बघितली, आणि मी पायऱ्यांशी उभा होतो.

आईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती रडली आणि मग तिने विचारलं, पदर सुटला तो नीट केला का कोणी?

तुझा,
तू शिकवलेला भाचा